हक्क तिचा, ताबा दुसऱ्याचा

देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. जात, स्थलांतर आणि मतदारसंघांची फेररचना या विषयांवर तिच्या निमित्ताने पुष्कळ चर्चा सुरू आहे. तिच्यातील एका लहानशा गटाबद्दल मात्र फारसे कोणी बोलताना दिसत नाही. तो गट ‘बेघर कुटुंबां’चा. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार लोक बेघर नोंदले गेले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. २००१ च्या तुलनेत ग्रामीण भागातील बेघर कमी झाले होते, शहरांतील वाढले होते. राज्यवार पाहता उत्तर प्रदेश पहिल्या आणि महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर होता.

ही संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी आहे, असे बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था नेहमी सांगत आल्या आहेत. मला त्याहून मूलभूत वाटणारा प्रश्न असा, की ही संख्या नेमके काय मोजते? जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब इमारतीत किंवा ‘जनगणना घरा’त राहत नाही, तर रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहते, ते बेघर. म्हणजे बेघरपण ठरते ते रात्री पाठ टेकण्याच्या जागेवरून. पुरुषाच्या बाबतीत ही व्याख्या बऱ्याच अंशी पुरते. स्त्रीला ती फार उशिरा लागू होते. स्त्री पदपथावर येते ती तिच्या बेघरपणाच्या अखेरच्या टप्प्यात. त्याचा आरंभ कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे आधी, चार भिंतींच्या आतच झालेला असतो.

महसुली कामाचा थोडाही अनुभव असलेल्याला हक्क आणि ताबा यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. खातेउताऱ्यावर नाव एकाचे असते आणि जमीन दुसराच कसत असतो. भारतीय स्त्रीचे घराशी असलेले नाते या एका फरकात सामावलेले आहे. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत कायद्याने तिला घरावरचे हक्क एकामागून एक दिले. ताबा मात्र वडील, पती, दीर, भाऊ किंवा मुलगा यांच्याकडेच राहिला. तिचे घर नात्याच्या आधारावर उभे असते. मृत्यूने, त्यागाने, मारहाणीने किंवा आजाराने ते नाते तुटले, की घरही सुटते. स्त्रियांच्या बेघरपणाचे हे मूळ कारण आहे. गरिबी त्याला वेग देते; पण केवळ गरिबीने त्याचा उलगडा होत नाही.

मोजणीच्या रात्री

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली. त्या रात्री मी उत्तर भारतातील एका मोठ्या शहरात देखरेखीच्या कामावर होतो. पुरुष शोधायला कष्ट पडत नव्हते. घाऊक बाजारात हातगाड्यांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, भाड्याने घेतलेल्या रजया पांघरून ते रांगेने झोपलेले होते. कुटुंबाबरोबर असलेल्या स्त्रियाही दिसत होत्या. एकटी स्त्री मात्र त्या रांगेत क्वचितच आढळली. ती सरकारी रुग्णालयाच्या ओसरीत रुग्णांच्या नातेवाइकांत मिसळून बसलेली होती, नाही तर स्थानकाच्या प्रतीक्षालयात गाठोडे मांडीवर घेऊन, जणू पहाटेच्या गाडीची वाट पाहत. अनेकजणी रात्रभर जाग्याच राहतात आणि दिवसाउजेडी एखाद्या बागेत किंवा देवळात झोप काढतात, कारण अंधारात झोपणे त्यांना परवडणारे नसते.

‘घर कोठे?’ या प्रश्नावर एका मध्यमवयीन बाईने सासरच्या गावाचा पूर्ण पत्ता सांगितला, अगदी पोस्ट आणि तहसिलीसह. तेथे ती परत जाऊ शकत नव्हती, हे दोन-चार प्रश्नांतच उघड झाले. तरीही ‘बेघर’ हा शब्द तिने स्वीकारला नाही. घर नसलेल्या पुरुषाला समाज दरिद्री समजतो. घर नसलेल्या स्त्रीच्या चारित्र्यावरच तो शंका घेतो. पत्ता सांगणे हे तिच्या दृष्टीने संरक्षण होते.

यांच्याही मागे न दिसणाऱ्या स्त्रियांची एक मोठी रांग आहे. भावाच्या घरी मागच्या खोलीत दिवस काढणारी, दोन महिने बहिणीकडे आणि दोन महिने मावशीकडे राहणारी, घरकामाच्या मोबदल्यात मालकाच्या स्वयंपाकघरात निजणारी. गणनेत तिची नोंद कोणत्या ना कोणत्या कुटुंबात होते आणि कागदोपत्री ती घरवाली ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचीही हीच मर्यादा आहे, कारण ते कुटुंबांचे सर्वेक्षण आहे. २०१९-२१ च्या त्याच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र केवळ १४ टक्के होत्या. उरलेल्या गप्प का राहतात, याची अनेक उत्तरे दिली जातात. ‘घर सोडले तर जाणार कोठे?’ हा प्रश्न त्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी असतो.

हक्कामुळेच नकोशी

आपल्याकडे याचा इतिहास साधारणपणे विधवांपासून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्या इतिहासातील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. काशी आणि वृंदावन येथे आश्रयाला आलेल्या विधवांत बंगाली स्त्रियांचे प्रमाण मोठे का, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडला होता. बंगालमध्ये दायभाग पद्धती प्रचलित होती. तिच्यात पुत्रहीन विधवेला पतीच्या हिश्श्यावर, कुटुंब एकत्र असले तरी, हयातीपुरता हक्क मिळे. मिताक्षरेच्या प्रदेशात एकत्र कुटुंबातील विधवेला केवळ अन्नवस्त्राचा अधिकार होता. म्हणजे बंगाली विधवेचा कायदेशीर हक्क अधिक बळकट होता. आणि ती ‘पुण्य जोडण्यासाठी’ तीर्थक्षेत्री निघून जाणे कुटुंबाच्या तितकेच सोयीचे होते. या स्थलांतराला दारिद्र्य, बालविवाह आणि धर्मभावना अशी इतरही कारणे होतीच. तरीही ताब्याविना दिलेला हक्क कधी कधी स्त्रीला घराबाहेर काढण्याचे निमित्त ठरतो, हा धडा त्यातून मिळतो.

तो धडा जुना झालेला नाही. झारखंडमधील सिंहभूमच्या परिसरात हो आदिवासींच्या रूढीनुसार विधवेला पतीच्या जमिनीचा हयातीपुरता उपभोग घेता येतो. तिच्यानंतर जमीन पतीच्या पुरुष भाऊबंदांकडे जाते. १९९६ मध्ये मधु किश्वर विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वारसाहक्काच्या रूढ तरतुदी रद्द केल्या नाहीत. पण जोवर स्त्रीची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून आहे तोवर तिला तेथून काढता येणार नाही, असा दिलासा दिला. त्याच प्रदेशात एकट्या विधवेला ‘डायन’ ठरवून मारहाण करण्याच्या आणि हुसकावून लावण्याच्या घटना घडत आल्या आहेत. बिहारला त्यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि झारखंडने पुढे तोच स्वीकारला. अशा अनेक प्रकरणांत अंधश्रद्धेच्या आड जमिनीचा वाद दडलेला असतो. विधवा गावाबाहेर गेली, की तिच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर देशाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात विधवांसाठी चालवलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन आणि धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम यांनी केवळ आसरा दिला नाही. विशेषतः रमाबाई आणि कर्वे यांनी निवाऱ्याला शिक्षणाची आणि कमाईची जोड दिली. घरातून बाहेर पडलेल्या स्त्रीला पुन्हा त्याच नात्यांच्या दारात उभे करायचे नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

स्वतंत्र भारताच्या शासनाला हा प्रश्न जन्मतःच भेटला. फाळणीनंतर पुनर्वसन मंत्रालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग निर्माण झाला आणि रामेश्वरी नेहरू यांच्याकडे त्याची धुरा आली. घरातील पुरुष मारले गेलेल्या किंवा हरवलेल्या स्त्रियांसाठी सरकारी कागदांत ‘अनअटॅच्ड विमेन’ हा शब्द रूढ झाला. कोणाशीही न जोडलेली, असा त्याचा अर्थ. त्यांच्यासाठी आश्रम, शिवणवर्ग आणि प्रशिक्षण केंद्रे निघाली, आणि त्या काळाच्या मानाने हे काम मोठे होते. पश्चिम बंगालमध्ये मात्र वृद्ध, अपंग आणि पुरुष पालक नसलेल्या स्त्रियांना ज्या छावण्यांत ठेवले, त्यांना प्रशासनाने ‘पर्मनंट लायबिलिटी कॅम्प’ असे नाव दिले. कायमचा बोजा! शासनाने स्त्रीला निवारा दिला, पण पुरुषाशी न जोडलेली स्त्री ही एक तूट आहे, हे गृहीतक सोडले नाही. आजच्या ‘निराधार’, ‘परित्यक्ता’ या शब्दांतही ते टिकून आहे.

कायद्याची वाट

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २३ नुसार कुटुंबाच्या राहत्या घरात मुलीला हिस्सा असला, तरी पुरुष वारसांनी वाटणी करायचे ठरवेपर्यंत तिला ती मागता येत नसे. अविवाहित, विधवा किंवा पतीपासून विलग झालेल्या मुलीला राहण्याचा अधिकार होता. विवाहितेला तोही नव्हता. हे कलम २००५ मध्ये वगळले गेले आणि त्याच दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद ठरली. या दुरुस्तीच्या अर्थावरील संभ्रम मिटण्यास विनीता शर्मा खटल्याचा २०२० मधील निकाल यावा लागला. तरीही गावोगाव वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. त्याबदल्यात मिळते ते माहेरचे दार उघडे राहील असे आश्वासन, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

इतर धर्मीय स्त्रियांची कहाणी फार वेगळी नाही. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्राविना वडील वारल्यास मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश किंवा ५ हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. पतीला सोडून आलेल्या मेरी रॉय उटीला वडिलांच्या बंगलीत राहत होत्या. तेथून त्यांना बाहेर काढण्याचा प्रयत्न घरच्यांकडूनच झाला आणि पुढे त्या न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधीच्या वर्षी शाहबानो प्रकरण गाजले. वाद झाला तो दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगीवर आणि धार्मिक कायद्यावर. १९३२ मध्ये विवाह झालेल्या या स्त्रीला १९७५ मध्ये पतीने घराबाहेर काढले होते आणि तंट्याची सुरुवात तेथून झाली होती, हे त्या गदारोळात मागे पडले. पोटगीच्या रकमेवर देश भांडला, पण तिने राहायचे कोठे, हे कोणी विचारले नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा म्हणूनच वेगळा ठरतो. मालकी असो वा नसो, एकत्र राहत्या घरात राहण्याचा अधिकार स्त्रीला आहे, असे त्याच्या कलम १७ ने प्रथमच स्पष्ट केले. कलम १९ नुसार दंडाधिकारी तिला घरात पुन्हा प्रवेश देऊ शकतात, तसेच तशाच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे देण्याचा आदेशही पतीला देऊ शकतात. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘एकत्र राहते घर’ याचा अर्थ संकुचित केला: घर सासूच्या नावावर असेल तर सुनेचा त्यावर दावा नाही. आपल्या समाजात घर बहुधा सासू-सासऱ्यांच्याच नावावर असते. म्हणजे कायद्याने उघडलेले दार अनेक स्त्रियांसाठी तेथेच बंद झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. मध्ये चौदा वर्षे गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासाचा अधिकार सरसकट हिरावता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. ज्येष्ठांचा छळ हे वास्तव आहेच. पण त्यांच्या अर्जाआड मुलगा स्वतःचा संसार मोडून घेतो, हेही वास्तव आहे.

कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. अनेक जिल्ह्यांत संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्याच पदावरील कर्मचाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. निवासाचा आदेश हाती असलेली स्त्री दारात उभी राहते आणि आत कुलूप बदललेले असते. जमिनीचा ताबा देताना शासन पंचनामा करते आणि पोलीस बंदोबस्त पुरवते. स्त्रीला घराचा ताबा देताना मात्र ‘घरगुती मामला’ म्हणून समेट सुचवला जातो.

पाच दिवसांनंतर काय?

घर सुटलेल्या स्त्रीसाठी शासनाच्या सोयी नाहीत, असे नाही. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तिला साधारण पाच दिवस राहता येते. त्यानंतरच्या मुक्कामासाठी ‘शक्ती सदन’ आहे. नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे आहेत. या सोयी महिला व बालविकास मंत्रालयाच्या. शहरी बेघरांसाठीची निवारागृहे मात्र गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाखभर लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा हे निकष घालून दिले. त्यामागे २०१० च्या कडाक्याच्या थंडीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांचा रेटा होता.

कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात तिच्या कड्या जुळत नाहीत. एका खात्यासाठी ती ‘पीडित’ असते, दुसऱ्यासाठी ‘बेघर’, तिसऱ्यासाठी ‘मनोरुग्ण’. ठरावीक वयापुढचा मुलगा बरोबर असेल तर अनेक संस्थांत आईला प्रवेश मिळतो, मुलाला नाही. ओळखपत्रे सासरी राहिलेली असतात. मुलगा दुरावू नये म्हणून आणि कागदांसाठी ती परत जाते. आणि तिची फाइल ‘समेट झाला’ असा शेरा घेऊन बंद होते.

मानसिक आजाराचा उल्लेख यात अटळ आहे. आजारी स्त्रीला कुटुंब टाकून देते, आणि रस्त्यावर आलेली धडधाकट स्त्रीही कालांतराने आजारी पडते. कारण आणि परिणाम येथे एकमेकांत मिसळलेले असतात. चेन्नईत १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी सुरू केलेल्या ‘द बनियन’ या संस्थेने हे काम दीर्घकाळ केले आहे. उपचारानंतर ज्यांना घरी परतता येत नाही, अशा स्त्रियांना रुग्णालयात न ठेवता वस्तीतील साध्या भाड्याच्या घरांत गटाने, मदतनिसाच्या साहाय्याने राहू देण्याचा तिचा प्रयोग मार्गदर्शक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणाला रुग्णालयात डांबता येत नाही. तो हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी रुग्णालयाबाहेर अशी घरे असावी लागतात.

आता परिस्थिती बदलते आहे, असा एक युक्तिवाद केला जाईल. प्रधानमंत्री आवास योजनेतील घर स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे देण्याचे धोरण आहे. घर किंवा जमीन स्वतःच्या वा संयुक्त मालकीची असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३८.४ वरून ४३.३ टक्क्यांवर गेले आहे. हा बदल खरा आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमध्ये केलेल्या अभ्यासात, घर वा जमीन काहीच नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ शारीरिक मारहाण सोसल्याचे आढळले. दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. घराची मालकी मारहाणीनंतरच आसरा देते असे नाही. ती मारहाणही रोखते. पण संयुक्त नाव म्हणजे ताबा नव्हे. नाते तुटल्यावर संयुक्त मालकीच्या घरातून बाहेर कोणी पडायचे, हे आजही कागद ठरवत नाही, दांडगाई ठरवते.

म्हणून काही नेमक्या गोष्टी करता येतील. जनगणनेच्या बेघर गणनेत रुग्णालये, प्रतीक्षालये, देवस्थाने आणि अन्नछत्रे ही ठिकाणे आधीपासून यादीत घ्यावीत आणि तेथे स्त्री प्रगणक नेमाव्यात. नात्यागोत्यात फिरत्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र नमुना पाहणी व्हावी. बहिणीने दिलेले हक्कसोडपत्र वारसनोंदीनंतर काही काळ उलटल्यावरच आणि तिचे म्हणणे एकटीने ऐकून घेऊन नोंदवले जावे. निवास आदेशाची अंमलबजावणी ताब्याची कारवाई मानून व्हावी; संरक्षण अधिकारी पूर्णवेळ असावेत. आवास योजनेतील घर पत्नीच्या स्वतंत्र संमतीविना विकता वा गहाण टाकता येऊ नये आणि विभक्त झाल्यास ते प्रथम तिच्याकडे राहावे. पाच दिवसांच्या आसऱ्यानंतर तिला परत पाठवण्याऐवजी वर्ष-दोन वर्षे घरभाड्याचे साहाय्य मिळावे. संस्था उभारून चालवण्यापेक्षा ते महाग पडेलच असे नाही, आणि मुलगा तिच्याजवळ राहील.

यांपैकी कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. बहुतेक गोष्टी नियम, शासननिर्णय आणि तालुका पातळीवरील दप्तर यांच्या कक्षेतल्या आहेत. वारसनोंदीच्या अर्जावर बहिणीचे नाव वगळले जाते, त्या दिवशी गावात कोणी बेघर झालेले नसते. वीस वर्षांनी तीच स्त्री एखाद्या शहराच्या प्रतीक्षालयात बसलेली असते आणि शासन तिच्यासाठी रात्रीच्या निवाऱ्याची खाट शोधत असते. तिचे घर वाचवण्याची वेळ तलाठ्याच्या टेबलावर तो अर्ज होता, तेव्हाची होती.